राजाचा तनखा आणि पोरांची शिष्यवृत्ती

ब्रिटनच्या राजघराण्याचा वार्षिक हिशेब जाहीर झाला की त्याची बातमी आपल्याही मोबाइलवर येते. २०२५-२६ या वर्षासाठी तिथल्या सरकारी तिजोरीतून राजाच्या नावे १३ कोटी २१ लाख पौंड मंजूर झाले. आदल्या वर्षी हाच आकडा ८ कोटी ६३ लाख होता. ही बातमी आमच्या अभ्यासवर्गात निघाली तेव्हा एका मुलाने सरळ विचारले, "त्यांचा राजा, त्यांचा पैसा. आपण कशाला डोके खपवायचे?"

प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याला हे माहीत नव्हते की भारताचे प्रजासत्ताकही जवळजवळ २२ वर्षे राजांना पैसे देत होते. ते पैसे संविधानात लिहून दिलेले होते, त्यावर प्राप्तिकर नव्हता, आणि ते बंद झाले २८ डिसेंबर १९७१ रोजी. आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोरची ही गोष्ट आहे. पुण्याहून सकाळच्या एसटीने निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या जवळच्या भोरलाही राजा होता.

आम्हाला या विषयात राजांचा थाटमाट मोजण्यात रस नाही. सरकार पैसा किती देते यापेक्षा कसा देते हे आम्हाला सांगायचे आहे. राजाला जो पैसा मिळाला तो हक्क म्हणून मिळाला. गरिबाला जो मिळतो तो अर्ज केल्यावर, दाखले जोडल्यावर, आणि "निधी उपलब्ध असल्यास" मिळतो. या दोन पद्धतींमधला फरक कळला की आपल्या शिष्यवृत्तीचे आंदोलन दरवर्षी त्याच जागी का येऊन थांबते तेही कळते.

पुण्याचा जुना हिशेब

१ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. १८१८ च्या त्या लढाईची तारीख आपल्याला पाठ आहे. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये काय झाले हे स्तंभाजवळच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते. दुसरा बाजीराव कंपनी सरकारला शरण गेला, आणि कंपनीने त्याला वर्षाला ८ लाख रुपयांचे पेन्शन बांधून दिले. तो कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिला आणि १८५१ च्या जानेवारीत वारला. म्हणजे ३२ वर्षांहून अधिक काळ, एकूण अडीच कोटींच्या वर रुपये. हरलेल्या राजाला पेन्शन मिळाले. त्या लढाईत लढलेल्या महार सैनिकांच्या नातवंडा-पणतवंडांना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लष्करभरतीच बंद झाली. ती पुन्हा सुरू करा म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांना सरकारकडे अर्जांमागून अर्ज करावे लागले.

याच पुण्यात श्रावणात पर्वतीजवळच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेली तरी दक्षिणा गेली नाही. एल्फिन्स्टनने वर्षाला ५० हजार रुपयांची तरतूद तशीच ठेवली, आणि तिच्यातला काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे गेला. पुढे १८४९ च्या सुमारास सुधारकांनी अर्ज केला की या पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्या. शहरात गदारोळ उठला. अर्ज करणाऱ्यांच्या अंगावर लोक जातील अशी परिस्थिती आली तेव्हा त्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. पुढे जोतीरावांच्या महार-मांगांच्या शाळांना याच दक्षिणा फंडातून महिन्याला ७५ रुपये मिळू लागले. (पुढे १८५५ मध्ये त्याच जोतीरावांचे 'तृतीय रत्न' नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले, हेही लक्षात ठेवायला हवे. एका खिडकीतून पैसा आला म्हणजे सगळ्या खिडक्या उघडल्या असे होत नाही.)

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्यात एवढे घडले. जन्माच्या आधारावर वाटला जाणारा सार्वजनिक पैसा आपोआप चालू राहतो, त्याला कोणी कारण विचारत नाही. आणि तो शिक्षणाकडे वळवायचा झाला की लगेच अर्ज, वाद, समिती.

तनखा म्हणजे नेमके काय

१९४७ मध्ये देशात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. आपल्या बाजूला भोर, औंध, फलटण, जत, सांगली, मिरज, कुरुंदवाड वगैरे होती. दख्खनची बहुतेक संस्थाने ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. राजांनी सत्ता सोडली. त्या बदल्यात सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी त्यांना कायमचा सालिना तनखा कबूल केला.

तो ठरवण्याचे सूत्र होते. बऱ्याच ठिकाणी वापरलेले सूत्र असे: संस्थानाच्या वार्षिक उत्पन्नातल्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या ४ लाखांवर १० टक्के, त्यापुढे साडेसात टक्के, आणि एकूण १० लाखांची मर्यादा. म्हणजे ज्या संस्थानाचे उत्पन्न ५ लाख, त्याच्या राजाला १५ हजार अधिक ४० हजार, असे वर्षाला ५५ हजार रुपये. त्या काळात एखाद्या प्राथमिक शिक्षकाने जन्मभर नोकरी केली तरी एवढी रक्कम हाती येत नसे. मोठ्या राजांसाठी मर्यादाही बाजूला ठेवली गेली. म्हैसूरला २६ लाख मिळत. दुसऱ्या टोकाला काठियावाडात एक ठाकूर असा होता की त्याचा तनखा वर्षाला फक्त १९२ रुपये होता. त्यालाही तो संविधानाच्या हमीनेच मिळत होता.

ही हमी अनुच्छेद २९१ मध्ये होती आणि तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक, तनख्यावर प्राप्तिकर नाही. दोन, हा खर्च भारताच्या एकत्रित निधीवर 'भारित' राहील. शिवाय अनुच्छेद ३६२ ने राजांचे मानमरातब सांभाळायचे आश्वासन दिले होते, तोफांच्या सलामीपासून मोटारीवरच्या लाल पाटीपर्यंत.

'भारित' हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवा. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके उघडा. प्रत्येक मागणीखाली दोन रकाने दिसतील, दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे ज्या खर्चावर आमदार मत देतात. तो मंजूर होतो, कमी होतो, सुधारित अंदाजात कापला जातो. भारित खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. तो द्यावाच लागतो. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जाचे व्याज हे सगळे भारित. तनखाही त्याच रांगेत बसला होता. दुष्काळ पडो, युद्ध होवो, १९६२ आणि १९६५ ची युद्धे झाली तरी, तनखा चुकला नाही. राजाला तहसील कचेरीत जाऊन उत्पन्नाचा दाखला काढावा लागला नाही.

एक गंमत जाता जाता सांगतो. तनखे गेले, पण संस्थानी काळाची एक भारित रक्कम संविधानात आजही आहे. अनुच्छेद २९०-क वाचा. जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या देवळांसाठी केरळच्या निधीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार आणि तमिळनाडूच्या निधीतून १३ लाख ५० हजार रुपये भारित खर्च म्हणून देवस्वम निधीला जातात.

बाबासाहेब काय म्हणाले होते

इथे आपल्याला प्रामाणिक राहायला हवे. बाबासाहेबांचे नाव घेऊन तनख्यांना शिव्या देणे सोपे आहे. पण २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यातच, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, बाबासाहेबांनी संघराज्याच्या योजनेवर जे व्याख्यान दिले ते वाचले तर चित्र वेगळे दिसते. १९३५ च्या कायद्यात संस्थानिकांना केंद्रीय कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहातल्या ३७५ पैकी १२५ जागा आणि वरिष्ठ सभागृहातल्या २६० पैकी १०४ जागा देऊ केल्या होत्या, आणि त्या जागांवर प्रजेने निवडलेले नव्हे तर राजाने नेमलेले लोक बसणार होते. बाबासाहेबांचा घाव त्यावर होता. ज्यांनी कोणाची मते घेतली नाहीत त्यांनी सगळ्या देशाचे कायदे करायचे, हे त्यांना मान्य नव्हते. संस्थानांचे करायचे काय, यावर त्यांचे उत्तर मात्र व्यवहारी होते. सार्वजनिक कामासाठी सरकार जशी खासगी जमीन मोबदला देऊन ताब्यात घेते, तशी संस्थाने घ्या आणि राजांना पेन्शनीत काढा, असे त्यांनी सुचवले.

म्हणजे मोबदला द्यायला बाबासाहेबांचा विरोध नव्हता. पण मोबदला एकदा चुकता होतो आणि संपतो. अनुच्छेद २९१ ने ज्याचे रूपांतर केले ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्कात. बाप गेला की मुलगा राजा म्हणून ओळखला जाणार, आणि तनखा चालू राहणार. आमच्या मते खरी चूक इथे झाली. पटेलांची बाजूही मात्र हलकी नव्हती. रक्त न सांडता एवढा मुलूख एक झाला, राजांच्या तिजोऱ्यांतली शिल्लक आणि रेल्वे सरकारकडे आल्या, त्या मानाने तनख्याची रक्कम थोडी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि राजांचे आपल्यावर उपकार नाहीत का? आहेत. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापुरात ५० टक्के जागा राखीव केल्या, वसतिगृहे उभारली, 'मूकनायक'ला मदत केली. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. पण त्या शिष्यवृत्तीची पुढची गोष्ट आपण फार सांगत नाही. १९१७ मध्ये तिची मुदत संपली. बाबासाहेबांचा लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता. तो तसाच टाकून त्यांना परत यावे लागले, आणि करारानुसार बडोद्याच्या नोकरीत जावे लागले. तिथे राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. राजा चांगला होता, शिष्यवृत्ती खरी होती, तरी ती राजाच्या मर्जीवर आणि मुदतीवर होती. हक्क नव्हती. एवढ्या बुद्धीच्या माणसाचे शिक्षण पैशाअभावी मध्येच तुटले. लंडनचा अभ्यास पुन्हा धरण्यासाठी त्यांना १९२० पर्यंत थांबावे लागले.

दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात राजा कसा झाला याची कथा आहे. भातशेतीच्या वाटण्या झाल्या, चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा लोकांनी आपल्यातलाच एक माणूस निवडला. त्याने भांडणे मिटवायची, चुकणाऱ्याला बोलायचे, आणि त्याबद्दल लोक त्याला आपल्या भाताचा वाटा देतील. तो महासम्मत, म्हणजे सगळ्यांनी मिळून मान्य केलेला. तथागतांच्या या मांडणीत राजाचा वाटा हा कामाचा मेहनताना आहे. काम नसेल तर वाटाही नाही. १९४९ नंतर राजांकडे कोणते काम उरले होते?

तनखा कसा गेला

जून १९६७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने तनखे आणि विशेषाधिकार रद्द करण्याचा ठराव केला. संस्थानिकांशी बोलणी करण्याचे काम गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले. ती बोलणी तीन वर्षे रेंगाळली. १९७० मध्ये घटनादुरुस्ती विधेयक आले. २ सप्टेंबरला लोकसभेने ते ३३२ विरुद्ध १५४ मतांनी मंजूर केले. ५ सप्टेंबरला राज्यसभेत १४९ मते बाजूने, ७५ विरोधात. दोन तृतीयांश बहुमताला १४९ आणि वर एक तृतीयांश मत लागत होते. म्हणजे एका मताच्या तुकड्यासाठी विधेयक पडले.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढली गेली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले, नानी पालखीवाला त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १५ डिसेंबर १९७० रोजी ११ न्यायाधीशांच्या पीठाने ९ विरुद्ध २ अशा बहुमताने तो आदेश रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे होते की संविधानाने दिलेली गोष्ट सरकार एका कागदाने काढून घेऊ शकत नाही. हा निकाल आपल्याला आवडो न आवडो, त्यातला धडा महत्त्वाचा आहे. हमी संविधानात असेल तर ती काढायला किती ताकद लागते पाहा. लोकसभा विसर्जित झाली, १९७१ ची निवडणूक झाली, आणि नव्या बहुमतावर २६ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा कुठे अनुच्छेद २९१ आणि ३६२ गेले. त्यानंतरही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाड आणि म्हैसूरच्या राजघराण्यांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. ते प्रकरण ४ फेब्रुवारी १९९३ ला निकाली निघाले आणि दुरुस्ती कायम राहिली.

बंद झाला तेव्हा सगळ्या संस्थानिकांचा मिळून तनखा वर्षाला पाच कोटींच्या आत होता. "एवढ्याशा पैशासाठी कशाला शब्द मोडता?" असे तेव्हा विचारले गेले. ब्रिटनमध्येही हेच विचारतात, माणशी एक-दोन पौंड तर पडतात!

त्याच वर्षांत आपले काय चालले होते

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला, आणि अनुसूचित जातींच्या सवलतींमधून नाव गेले. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा याच यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू केल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र बंद राहिले ते थेट १९९० पर्यंत. ३४ वर्षे! त्यातली पहिली १५ वर्षे तनखे चालू होते. राजाने धर्म बदलला असता तर त्याचा तनखा गेला नसता, कारण अनुच्छेद २९१ मध्ये धर्माची अट नव्हती.

दुसरी गोष्ट वतनाची. महार वतन हेही वंशपरंपरेनेच चालत आले होते, पण ते गावची आणि सरकारची रात्रंदिवसाची चाकरी करण्याच्या बदल्यात. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक आणले. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. चाकरी सुटली हे उत्तमच झाले. पण जमिनीचे काय झाले? ती आधी सरकारची झाली. मग ती आपल्याच नावावर परत मिळवायला आकारणीच्या काही पट कब्जेहक्काची रक्कम भरायची, ती मुदतीत भरायची, आणि भरली नाही तर तुम्ही अनधिकृत कब्जेदार. भरणाऱ्यालाही जमीन नव्या शर्तीवर, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. ही शेवटची अट आपल्या संरक्षणासाठी होती, हे मान्य. पण पुण्याच्या आसपासच्या वतनी जमिनींचे पुढे काय झाले ते २०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या प्रकरणाने सगळ्यांना पुन्हा दिसले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. राजाचा वंशपरंपरागत हक्क गेला तेव्हा सरकारने त्याला पैसे दिले. महाराचे वतन गेले तेव्हा त्याच्याकडून पैसे घेतले.

लंडनमध्ये काय चालते

आता ब्रिटनकडे वळू. २०११ च्या कायद्याने तिथे 'सॉव्हरिन ग्रँट' नावाची पद्धत आली. राजमुकुटाच्या नावे असलेल्या जमिनी आणि इमारतींच्या नफ्याचा ठरावीक टक्का धरून राजाचे अनुदान ठरते. या मालमत्तेचा नफा १७६० पासून सरकारी तिजोरीत जातो. राजाला हवी तेव्हा विकता येईल अशी ती खासगी मालमत्ता नाही. सुरुवातीला टक्का १५ होता. बकिंगहॅम राजवाड्याच्या ३६ कोटी ९० लाख पौंडांच्या दुरुस्तीसाठी २०१७-१८ पासून तो २५ केला. अनुदान ४ कोटी २८ लाखांवरून ७ कोटी ६१ लाखांवर गेले. समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे नफा फार वाढला म्हणून पुढे टक्का १२ वर आणला, तरी रक्कम वाढलीच. आणि कायद्यात मुख्य कलम असे आहे की नफा घटला तरी अनुदान आदल्या वर्षापेक्षा कमी होणार नाही.

ज्या एप्रिल २०१७ मध्ये राजवाड्यासाठी टक्का वाढला, त्याच महिन्यात तिथल्या गरीब कुटुंबांसाठी नवी अट आली. तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठी कुटुंब भत्त्यात वाढ मिळणार नाही. शिवाय २०१६ पासून चार वर्षे कामाच्या वयातल्या लोकांचे बहुतेक भत्ते गोठवलेले होते. महागाई वाढली तरी भत्ता तेवढाच. राजाचे अनुदान खाली येऊ शकत नाही, गरिबाचा भत्ता वर जाऊ शकत नाही! ती दोन मुलांची अट काढण्याची घोषणा व्हायला नोव्हेंबर २०२५ चा अर्थसंकल्प उजाडला.

पुण्यातला आजचा रकाना

समाज कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, बार्टीही पुण्यातच आहे. म्हणून राज्यभरातल्या आपल्या मुलांची आंदोलनेही इथेच होतात. २०२२ च्या तुकडीतल्या संशोधक विद्यार्थ्यांना पूर्ण फेलोशिपसाठी किती दिवस रस्त्यावर बसावे लागले ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे, काही जण स्वतः बसलेही होते.

स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्या मुलाला वर्षाला ६० हजार रुपये आहेत. त्यात ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार निर्वाहाचे. २० हजारांत वर्षभर कॉट बेसिसवर कुठे जागा मिळते ते सदाशिव पेठेत किंवा विश्रांतवाडीत विचारून पाहा. पण रकमेपेक्षा मोठी अडचण वेळेची. खानावळवाला दर महिन्याला पैसे मागतो, योजनेचा हप्ता सत्र उलटून गेल्यावर येतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, महाडीबीटीवर अर्ज, दाखले, आधारशी जोडलेले खाते. संजय गांधी निराधार योजनेत वर्षाला २१ हजार रुपये ही उत्पन्नाची मर्यादा, महिन्याला १५०० रुपये, आणि दरवर्षी आपण जिवंत आहोत याचा दाखला. कोणत्या राजाला जिवंत असल्याचा पुरावा घेऊन रांगेत उभे राहावे लागले?

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये 'लाडकी बहीण' योजनेसाठी वळवले गेले. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या वस्तीतल्या बहिणींनाही ते १५०० रुपये मिळतात आणि मिळायलाच हवेत. तिच्या विरोधात आम्ही नाही. प्रश्न एवढाच की वळवायचे ठरले की हात पहिल्यांदा याच रकान्याकडे का जातो? कारण हा पैसा दत्तमत आहे, भारित नाही, आणि त्याला हात लावू नये असा कायदा महाराष्ट्रात नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये अनुसूचित जातींच्या विकास निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव भाषणाच्या पहिल्या ओळीत घेणाऱ्या आपल्या राज्याने केलेला नाही. इतर राज्यांतल्या कायद्यांतही पळवाटा आहेत, कर्नाटकात त्यावरून भांडणे चालू आहेत. तरी तिथे भांडायला कायद्याचे कलम आहे. आपल्याकडे निवेदन आहे.

म्हणून आमचे म्हणणे आहे की मागणी "निधी वाढवा" एवढ्यावर थांबवू नये. संविधानाचा अनुच्छेद २०२ काढा, त्याचा खंड ३ वाचा. कोणते खर्च भारित याची यादी तिथे आहे, आणि यादीच्या शेवटी लिहिले आहे की राज्याचे विधानमंडळ कायद्याने आणखी कोणताही खर्च भारित ठरवू शकते. म्हणजे शिष्यवृत्ती, फेलोशिप आणि वसतिगृहाचा खर्च भारित करण्यासाठी घटनादुरुस्ती नको, दिल्ली नको. मुंबईत साध्या बहुमताने कायदा होऊ शकतो. यावर एक आक्षेप येईल. सगळेच भारित केले तर आमदारांच्या हाती काय उरेल? आक्षेप वजनदार आहे, म्हणूनच आम्ही सगळ्या योजना म्हणत नाही. जिथे मूल वर्गात बसले आहे आणि पैसे थांबले तर त्याचे वर्ष बुडते, तेवढेच मागा. १९२ रुपयांच्या ठाकुराला जी हमी होती ती एम.एस्सी.च्या पोरीला का नको?

कूटदन्त सुत्तात राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो, आधी शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे. यात अर्ज मागवण्याचा उल्लेख नाही.

आता कामाचे. राज्य सरकारच्या 'बीम्स' या संकेतस्थळावर कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद, किती वितरित, किती खर्च हे पाहता येते. आपापल्या जिल्ह्यापुरते शिष्यवृत्ती, स्वाधार आणि वसतिगृहे एवढे तीन आकडे काढा. वितरणाच्या तारखा माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाला १० रुपये लागतात. आकडे आले की आमच्याकडे पाठवा. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी ते जिल्ह्यांच्या नावानिशी इथे छापू, आणि प्रत्येक जिल्ह्यासमोर तिथल्या आमदारांची नावेही.